विद्यार्थ्याच्या पैशांत जुनी आलिशान गाडी, आणि ठेवायची कोकणात: सल्ला हवा

कातळसडा

नमस्कार. मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर पावसच्या पुढे, समुद्राच्या अगदी जवळ. कॉलेज देवरुखच्या बाजूला, त्यामुळे आठवडाभर खोलीवर राहतो आणि शनिवारी घरी येतो. आंब्याच्या हंगामात पेट्या भरणं, पुण्याला माल पोचवणं, दिवाळीच्या सुट्टीत ओळखीच्यांच्या होमस्टेवर काम, असं करत तीन लाख रुपये जमवलेत. कर्ज काढणार नाही आणि घरून काही घेणार नाही.

या पैशांत मला जुनी मोठी गाडी घ्यायची आहे. बाबा म्हणतात एखादी छोटी हॅचबॅक घे आणि सुखाने फिर. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण मला गाडी फक्त जाण्यायेण्यासाठी नकोय. वीस वर्षांपूर्वी मोठ्या कंपन्यांनी ज्या गाड्यांवर आपलं सगळं कसब ओतलं, त्या उघडून बघायच्या आहेत, समजून घ्यायच्या आहेत आणि चालवायच्याही आहेत. मल्टिलिंक सस्पेन्शनची (प्रत्येक चाक अनेक दांड्यांनी धरणारी रचना) आकृती परीक्षेत काढून झाली, आता ते स्वतःच्या हाताने खोलायचंय.

सध्या तीन गाड्या डोळ्यांसमोर आहेत. पुण्यातली २००४ ची मर्सिडीज सी क्लास, कंपनीच्या भाषेत डब्ल्यू २०३ पिढी, पेट्रोल कॉम्प्रेसर (इंजिनात दाबाने हवा भरणारी), मागणी दोन लाख साठ हजार. दिल्ली पासिंगची २०१० ची बीएमडब्ल्यू ३२० डी (डिझेल), फोटोत नव्यासारखी दिसते, मागणी तीन लाख. आणि मुंबईतली २०१० ची स्कोडा सुपर्ब १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल) ऑटोमॅटिक, दोन लाख चाळीस.

घरी गाडीला छप्पर आहे, बाजू उघड्या आहेत. यातली कुठली घेऊ, की चौथी शोधू? "घेऊच नको" म्हणणाऱ्यांनीही कारणासकट सांगा, नीट वाचेन.

जुनाचालक

तुझं पत्र वाचून आनंद झाला. माझ्याकडे रत्नागिरीत १९९६ ची मर्सिडीज डब्ल्यू १२४ आहे, ई २२०. मर्सिडीज-बेंझ इंडिया १९९४ मध्ये सुरू झाली आणि त्यांची इथली पहिली गाडी हीच, पुण्यात टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) आवारात जोडलेली. ती आजही हातखंब्याहून आंबा घाट चढून कोल्हापूर गाठते. त्यामुळे कोकणात जुनी मोठी गाडी टिकत नाही असं मी तुला सांगणार नाही.

पण तुझ्या हिशोबात एक गोष्ट मुळातच सुधारायला हवी. तीन लाख असतील तर तीन लाखांची गाडी बघायची नाही. पावणेदोन लाखांपर्यंतची बघायची, आणि उरलेला सगळा पैसा पहिल्या वर्षात त्याच गाडीत जाणार असं आधीच धरायचं. कारण असं की गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. जी गाडी नवी असताना पंचवीस-तीस लाखांची होती, तिचा कंट्रोल आर्म (चाक धरणारी दांडी), तिचा वॉटर पंप, तिचा हेडलॅम्प आजही पंचवीस-तीस लाखांच्या गाडीच्या भावानेच मिळतो. आधीच्या मालकाने गाडी विकायला काढली ती बहुतेक वेळा याच वळणावर आलेली असते: एक मोठं काम समोर दिसतंय आणि ते त्याला करायचं नाहीये. ते काम तुझ्या वाट्याला येणार. म्हणून विकणाऱ्याला किंमत विचारण्याआधी मागच्या तीन वर्षांची बिलं माग. बिलं नसतील तर काम झालेलंच नाही असं समजून भाव कर.

गाडी आणल्याबरोबर करायची कामं ठरलेली आहेत. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आणि कूलंट, सगळी तेलं-पाणी नवी. कूलंटचे रबरी पाइप आणि थर्मोस्टॅट. बेल्ट आणि त्याचे पुली. बॅटरी. सस्पेन्शनचे बुश, म्हणजे सांध्यांतली रबरं. टायरवर चार आकडी उत्पादन तारीख असते, म्हणजे २३१४ असेल तर २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी तसले टायर पावसात घाटावर नेऊ नकोस. या सगळ्याला लाखभर रुपये सहज लागतात, आणि यातलं एकही काम बाहेरून दिसत नाही.

डब्ल्यू २०३ बद्दल: आतून फार छान गाडी. पण सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांना गंजाची खोड होती, चाकांच्या कमानी आणि दरवाजांच्या खालच्या कडा आधी जातात. त्या चार सिलिंडर कॉम्प्रेसर इंजिनाची टायमिंग चेन (झडपांची वेळ सांभाळणारी साखळी) सैल पडते आणि कॅमचे अॅडजस्टर झिजतात. सकाळी थंड इंजिन चालू करताना पहिले दोन-तीन सेकंद खडखड ऐकू आली तर पुढे बोलणी करू नकोस. आणि ही चाचणी गार इंजिनावरच व्हायला हवी. तू पोचण्याआधीच मालकाने गाडी "गरम करून" ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा.

सुरंगी

मी घेऊ नको म्हणणाऱ्यांतली आहे, आणि कारण सांगते. माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे आणि घरात आंब्याचंच उत्पन्न आहे. एखाद्या वर्षी मोहोर उशिरा येतो, एखाद्या वर्षी अवकाळी पाऊस पडतो. यंदा पैसे जमले म्हणजे पुढच्या वर्षी जमतीलच असं नाही, आणि जुनी मोठी गाडी पुढच्या वर्षीही पैसे मागणार.

थोडा हिशोब मांडते. १५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीचा नुसता थर्ड पार्टी विम्याचा वार्षिक हप्ता ७,८९७ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९,३०० च्या आसपास. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा वेगळा. पेट्रोल लिटरला शंभरच्या वर आहे. आपल्या चढउतारांवर मोठी पेट्रोल ऑटोमॅटिक आठ-नऊचं अॅव्हरेज देईल. महिन्याला ५०० किलोमीटर चालवलीस तरी सहा हजार नुसत्या पेट्रोलला. हे तीन लाखांतून नाही जाणार, दर महिन्याला तुझ्या खिशातून जाणार. हंगाम संपल्यावर ऑगस्टमध्ये तो खिसा कसा असतो ते तुला माहीत आहे.

छोटी गाडी घे, दोन लाख बाजूला ठेव, नोकरी लागल्यावर मोठी घे. शिकायचंच असेल तर एखाद्या चांगल्या गॅरेजमध्ये सुट्टीत काम कर, तिथे दहा प्रकारच्या गाड्या हाताखालून जातील.

वेंगुर्ल्याचो

बाबू, माझा गॅरेज वेंगुर्ल्यात. तुका एकच सांगतंय, फोटो बघून गाडी घेव नको. आधी लिफ्टवर चढव आणि खालसून बघ. बाकीचा प्रमाण मराठीत लिवतंय, म्हणजे सगळ्यांका समजात.

किनाऱ्यावर गाडी गंजते ती पावसाने नाही, मिठाने. हवेतलं मीठ पत्र्यावर बसतं, ते हवेतला दमटपणा ओढून घेतं, आणि मग पाऊस नसतानाही पत्रा ओलाच राहतो. उलट पाऊस उघड्या भागावरचं मीठ धुऊन नेतो. म्हणून बॉनेट आणि छप्पर चकचकीत दिसतं आणि जिथे पाऊस पोचत नाही तिथे गाडी आतून खाल्ली जाते: चाकाच्या कमानीची आतली कड, सिलच्या (दरवाजांखालच्या लांब पट्टीच्या) आतली पोकळी, मागची सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी चौकट), इंधनटाकीच्या वरून जाणारे ब्रेकचे पाइप, स्प्रिंगच्या बैठका. नव्वदच्या दशकातल्या ई क्लासमध्ये, म्हणजे डब्ल्यू २१० मध्ये, पुढच्या स्प्रिंगची बैठक गंजून सुटण्याची खोड जगभर माहीत आहे. कोणी स्वस्तात देतो म्हणाला तर आधी तीच जागा बघ.

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिलवर ठोकत जा. टणक आवाज आला तर पत्रा आहे, मऊ बद्द आवाज आला तर आत पुटी किंवा भुगा आहे. खाली ताजा काळा डांबरी थर दिसला तर तो कोणी आणि का मारला ते विचार. गंजावर मारलेला तो थर पाणी आत कोंडतो आणि काम वेगाने बिघडवतो. इंजिन चालू ठेवून ब्रेक पेडल मिनिटभर जोरात दाबून धर. पेडल हळूहळू खाली बसत गेलं तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर (ब्रेकचा मुख्य पंप) गेलाय. असली गाडी आंबोली किंवा करूळ घाटात उतरवायची नाही.

आता ठेवायची कशी. मे महिन्यात, पत्रा पूर्ण कोरडा असताना, सिल आणि दरवाजांच्या पोकळीत मेणाचा फवारा मारून घे. दरवाजांच्या आणि सिलच्या खालची पाणी जायची भोकं तांबड्या मातीने बुजतात, ती तारेने मोकळी कर. पावसाळ्यात गाडीवर ताडपत्री आवळून बांधू नकोस, आत बाष्प कोंडतं. तुझं उघड्या बाजूंचं छप्परच बरं आहे, वारा खेळतो. विहिरीच्या गोड्या पाण्याने गाडीचं पोट आठवड्याला धू. आणि वाळूवर गाडी न्यायची नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. भरतीचं खारं पाणी चाकातून उडून नेमकं त्याच जागी जातं जिथे तुझा हात पोचत नाही.

वाशिष्ठीकाठ

वरच्या यादीत पुराची भर घालतो. मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा शेकड्यांनी गाड्या बुडल्या. अशा गाड्या विमा कंपन्या एकूण नुकसान म्हणून निकाली काढतात, त्या लिलावात जातात, धुऊनपुसून दुसऱ्या जिल्ह्यात विक्रीला येतात. मोठ्या गाड्यांत हे जास्त होतं, कारण दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या वर लगेच जातो.

ओळखायचं कसं: सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढ. वरचा भाग कोणीही धुतो, रिळात गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा कोणी धुत नाही. तिथे मातीची रेघ असेल तर ती पाण्याची पातळी. स्टेपनीचा खड्डा, सीटखालच्या नटांवरचा गंज, डॅशबोर्डच्या मागच्या वायरींच्या जोडातली हिरवी बुरशी, हेडलॅम्पच्या आतली गाळाची रेष. कार्पेट नवीन असेल आणि बाकी सगळं जुनं असेल तर मुद्दाम विचार. जर्मन गाड्यांत बरीच कंट्रोल युनिटं पायाखाली आणि सीटखाली असतात, ती एकदा भिजली की लगेच बंद पडत नाहीत. सहा महिन्यांनी एकेक करून त्रास द्यायला लागतात.

आणि सुरंगीताईंच्या विम्याच्या मुद्द्याला जोडून: थर्ड पार्टी विम्यात तुझ्या गाडीचं पुरातलं नुकसान मिळत नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून चालू करायला जायचं नाही, सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

खाडीपूल

कागदांबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. आरटीओची कामं जवळून बघतो.

दिल्लीची बीएमडब्ल्यू आजच यादीतून काढ. दिल्ली आणि आसपासच्या एनसीआरमध्ये १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या चालवायला मनाई झाली (२०२५ मध्ये न्यायालयाने त्यात थोडी सूट दिली): हरित लवादाचे २०१५ चे आदेश, त्यावर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. म्हणून तिकडच्या जुन्या डिझेल गाड्या कवडीमोलाने बाहेर येतात. गाडी वाईटच असेल असं नाही. पण तिला आधी तिथून ना हरकत दाखला हवा, म्हणजे फॉर्म २८. मग इथला एकरकमी कर, तो वयाप्रमाणे कमी होतो पण भरावा लागतोच. २०१० ची असल्यामुळे १५ वर्षंही उलटली आहेत, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरणही तुझ्याच गळ्यात. यातला एक कागद अडकला तर गाडी अंगणात उभी राहणार आणि तुझे पैसे गेलेले असणार.

महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवतात. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या गाडीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती १०,००० केली. आयात केलेल्या चारचाकीला २० वर्षांनंतर ८०,००० रुपये. म्हणून आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) गाडी भारतात बनलेली आहे की आयात, हे शब्द वाचूनच पुढे जा. एखादी जुनी आयात कूपे दोन लाखांत मिळत असेल तर तिची नोंदणीच तुझं बजेट खाईल. पर्यावरण कर याशिवाय वेगळा.

पुण्याची मर्सिडीज २००४ ची. २०१९ ला १५ वर्षं झाली, नूतनीकरण केलं असेल तर तेही २०२४ मध्ये संपलं. दुसऱ्यांदा केलंय का ते बघ. वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अॅपवर नंबर टाकलास की नोंदणीची मुदत, कितवा मालक, कर्जाचा बोजा, विमा, सगळं दिसतं. बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हवं. थकलेली ई-चलनं वेगळी तपास. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली आहे का तेही बघ.

खरेदीच्या दिवशी नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात. इथे मुलं आळस करतात आणि गाडी वर्षानुवर्षं जुन्या मालकाच्या नावावर फिरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात सांगितलं की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. शहाणा विकणारा स्वतःच नाव बदलायची घाई करतो. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घ्यायची नाही. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घे.

कातळसडा

एवढं तपशिलात कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार.

खाडीपूलदादा, बीएमडब्ल्यू सोडली. पुण्याच्या मर्सिडीजचा नंबर अॅपवर टाकला, नोंदणी २०२४ मध्येच संपलेली दिसते आणि विमाही नाही. विचारलं तर "ते सगळं होऊन जाईल" एवढंच उत्तर मिळालं. तीही सोडली.

सुरंगीताई, तुमचं म्हणणं बाबांना वाचून दाखवलं, ते खूश झाले. खरं सांगतो, पेट्रोलचा हिशोब मी महिन्याचा केलाच होता, पण पावसाळ्यातल्या महिन्यांचा वेगळा केला नव्हता. आता केलाय. जून ते सप्टेंबर गाडी महिन्याला दोनदाच चालवायची, कॉलेजला एसटीने जायचं. शिकवण्यांचे थोडे पैसे दरमहा येतात, ते पेट्रोलला पुरतील. गॅरेजमध्ये काम करण्याचा सल्ला फार आवडला. तो गाडीच्या ऐवजी नाही, गाडीबरोबर घेतो.

स्कोडा अजून यादीत आहे. आणि काल कोल्हापुरातली एक चौथी कळली: २००६ ची होंडा अकॉर्ड २.४, ऑटोमॅटिक, दुसरा मालक, मागणी एक लाख ऐंशी. ती "आलिशान" म्हणता येईल का माहीत नाही. कोणाला अनुभव?

उद्यमनगर

मी कोल्हापूरचा. आमच्या भागात लेथ, फाउंड्री, गिअरबॉक्सवाले सगळे हाकेच्या अंतरावर, त्यामुळे या गाड्या उघडलेल्या रोज बघतो.

सुपर्ब आधी. गाडी म्हणून अप्रतिम, मागच्या सीटवर बसलास की उतरवत नाही. पण १.८ टीएसआयला जो सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे तो कोरड्या क्लचचा, डीक्यू २००. त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर आपोआप बदलणारा भाग) आणि क्लच हे दोन्ही बदनाम आहेत. घाटातल्या रांगेत, मुंगीच्या चालीने चढताना, हा क्लच सतत अर्धवट घसरत राहतो आणि तापतो. गणपतीच्या दिवसांत महामार्गावर काय होतं ते तुला सांगायला नको. त्याच्या जोडीला त्या काळातलं १.८ इंजिन तेल खातं आणि चेनचा टेन्शनर (ती ताणून धरणारा भाग) कमकुवत. २.० टीडीआयला (डिझेल) सहा गिअरचा ओला क्लच मिळतो, तो जास्त सोसतो. पण त्या भावात चांगली टीडीआय मिळणं कठीण.

बीएमडब्ल्यू सोडलीस ते बरं केलंस. त्या वर्षातल्या ३२० डीला एन ४७ इंजिन असतं. त्याची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. ती बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, बरेचदा इंजिनही. शिवाय टायर रनफ्लॅट (हवा गेल्यावरही थोडं अंतर चालणारे), आणि स्टेपनी नाही. जांभ्याच्या रस्त्यावर टायरची कड फाटली तर रत्नागिरीत त्या मापाचा टायर त्या दिवशी मिळेलच असं नाही.

आता अकॉर्ड. ज्यांना आलिशान म्हणजे बॉनेटवरचा बिल्ला वाटतो त्यांना ती चालणार नाही. पण तू लिहिलंस की तुला कसब बघायचंय. त्या अकॉर्डचं के मालिकेतलं २.४ इंजिन उघडून बघ: टर्बो नाही, चेनवर चालणारं, नीट तेल बदललं तर थकत नाही. पुढे डबल विशबोन (चाक वर-खाली दोन आर्मनी धरलेलं), मागे मल्टिलिंक, म्हणजे तुझी परीक्षेतली आकृती तिथेच लोंबकळलेली आहे. गिअरबॉक्स जुन्या पद्धतीचा टॉर्क कन्व्हर्टरवाला (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा), पाच गिअरचा. ग्रेटर नोएडात बनलेली असल्याने आयातीची फी नाही. सुटे भाग आता पूर्वीसारखे पटकन मिळत नाहीत, विशेषतः बॉडीचे आणि दिव्यांचे. पण झिजणारे भाग मिळतात आणि ते जोडायला जर्मन कंपनीचा स्कॅनर लागत नाही.

माझ्या मते पावसला राहणाऱ्या माणसासाठी हा मुद्दा सगळ्यात मोठा: गाडी अडली तर ती तुझ्या शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत कोण दुरुस्त करू शकतो? मुंबईला फ्लॅटबेडवर गाडी पाठवायला जे भाडं पडतं त्यात एखादं चांगलं काम होऊन जातं. रोडसाइड असिस्टन्स घे, आणि ऑटोमॅटिक गाडी चाकं जमिनीवर ठेवून कोणाला ओढू देऊ नकोस.

जुनाचालक

उद्यमनगरांशी सहमत. एक वाद मात्र घालतो: सुरंगीताई म्हणतात नोकरी लागल्यावर घे. नोकरी लागली की मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूला जातो, पार्किंग मिळत नाही, रविवार उरत नाही. हात काळे करून शिकायचं वय हेच आहे, आणि घरामागे मोकळी जागा, छप्पर, विहीर हे सगळं आता आहे. पैसे कमी आहेत, पण वेळ आणि जागा भरपूर आहे. जुन्या गाडीला तीनही लागतात, आणि दोन गोष्टी याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहेत.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट राहिली. आता पंपांवर ई २० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. २००६ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. इंधनाचे रबरी पाइप, ओ-रिंग आणि फिल्टर आणल्या आणल्या बदलून घे, इथेनॉल सोसणाऱ्या दर्जाचे. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवेत पाणीच पाणी. तू चार महिने कमी चालवणार म्हणतोस, तर टाकी अर्धी ठेवून गाडी उभी करू नकोस. भरून ठेव, म्हणजे आत हवा कमी राहील.

सुरंगी

जुनाचालकांचं वेळेबद्दलचं म्हणणं मान्य. तरी माझी एक अट सांगते, कातळसडाने ती पाळली तर माझी हरकत नाही. गाडीवरचा खर्च संपेपर्यंत नाही, आकडा ठरवून थांबायचं. खरेदीसकट तीन लाखांच्या वर पहिल्या वर्षात एक रुपया गेला तर गाडी विकायची, आणि हे आत्ताच, गाडी बघायला जाण्याआधी, कागदावर लिहून बाबांच्या हातात द्यायचं. एकदा गाडी अंगणात आली की प्रत्येक पुढचा खर्च "एवढाच शेवटचा" वाटतो. घेतानाच कुठल्या किमतीला परत विकली जाईल हेही विचारून ठेव. अकॉर्डला घेणारा कोल्हापूर-सांगलीकडे मिळेल, नोंदणी संपलेल्या मर्सिडीजला कोणी नाही.

खाडीपूल

अकॉर्ड २००६ ची आहे, म्हणून लक्षात आणून देतो: २०२१ ला १५ वर्षं झाली आणि तेव्हा नूतनीकरण केलं असेल तर त्याची मुदत यंदाच, २०२६ मध्ये संपते. पुढचं नूतनीकरण २० वर्षांवरचं धरलं जाणार, म्हणजे १०,००० रुपये आणि पुन्हा तपासणी. आरसीवरची नेमकी तारीख बघ. मुदत दोन-तीन महिन्यांवर आली असेल तर मालकाला सांग, नूतनीकरण तुमच्या नावावर करून द्या, मग गाडी घेतो. तपासणीत गाडी पास होते की नाही हे आपोआप कळेल. तो नाही म्हणाला तर तेवढा खर्च आणि तेवढा धोका भावातून कमी कर.

कातळसडा

आरसीचा फोटो मागवला. नोंदणी ऑक्टोबर २००६ ची, मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विमा चालू आहे. बोजा नाही. बिलांचा गठ्ठा आहे म्हणाले, गिअरबॉक्सचं तेल दोनदा बदलल्याची नोंद त्यात आहे. सुरंगीताईंचा कागद लिहून बाबांकडे दिला, त्यांनी त्यावर "दोन लाख ऐंशी" असं खोडून केलं. मी ते मान्य केलं.

रविवारी पहाटेच्या एसटीने कोल्हापूरला जातोय, बाबाही येतायत. मालकाला सांगितलंय की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. लिफ्ट मिळेल असं एखादं गॅरेज कोणी सांगू शकेल का? आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स न उघडता कसा तपासायचा?

वेंगुर्ल्याचो

बापाशीक घेवन जातंस ता बरा केलंस. दोघांचे चार डोळे.

घरी आणल्यावर स्वतः खाली शिरशील तेव्हा एक कर: नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, स्टँड लावायचे. आणि आपली माती पावसाळ्यात मऊ होते, जॅक आणि स्टँड दोन्ही रुततात. खाली जाड फळी घाल किंवा काँक्रीटवरच काम कर. ह्या माझा हात जोडून सांगणा.

उद्यमनगर

लिफ्टची सोय मी करतो, निरोप पाठवलाय. रविवारी बरीच गॅरेज बंद असतात, म्हणून अकराच्या आत ये.

गिअरबॉक्स असा बघ. गार असताना ब्रेक दाबून पी (पार्किंग) वरून आर (रिव्हर्स) आणि मग डी (ड्राइव्ह) मध्ये टाक. एका सेकंदाच्या आसपास गाडीने गिअर धरायला हवा. उशीर लागला किंवा जोराचा धक्का बसला तर लिहून ठेव. मग पूर्ण गरम होईपर्यंत चालव, किमान अर्धा तास, आणि पुन्हा तेच कर. बऱ्याच खोड्या गरम झाल्यावरच दिसतात. पन्हाळ्याच्या चढावर ने. अर्धा अॅक्सिलरेटर दाबून ठेव, गिअर बदलताना इंजिनचे फेरे उगाच वर उसळले तर आतले क्लच घसरतायत. तेलाची कांडी काढून पांढऱ्या कागदावर थेंब घे: लालसर किंवा फिकट तपकिरी चालेल, काळं आणि जळका वास येत असेल तर गाडी तिथेच सोडायची. परत आल्यावर एसी लावून पंधरा मिनिटं उभी ठेव आणि तापमानाच्या काट्याकडे बघ. रेडिएटरचे पंखे आपोआप लागले पाहिजेत.

बोलणी लिफ्टवरून गाडी खाली उतरल्यावरच सुरू कर. टोकनचे पैसे आधी देऊ नकोस, पाचशे रुपयेसुद्धा नाही. स्टीअरिंग रॅकची रबरं आणि पुढचे लोअर आर्म मी स्वतः बघेन, त्या गाडीत तेच आधी जातात. बदलायचे निघाले तर दुकानात लगेच भाव विचारू, म्हणजे बाबांच्या आकड्यात बसतं की नाही ते तिथल्या तिथे कळेल.